श्वासाचा क्रमांक

तारप्याचा सूर एकदा लागला की मध्ये कुठे तुटत नाही. वाजवणारा नाकाने श्वास आत ओढत असतो तेव्हा गालांत साठवलेली हवा या वाद्याच्या भोपळ्यात जात असते, त्यामुळे त्याने श्वास घेतला कधी आणि सोडला कधी, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर भात तयार व्हायला लागल्यापासून दिवाळीच्या आगेमागेपर्यंत हा सूर रात्र रात्र चालतो. हातात हात गुंफलेली माणसांची साखळी त्याच्याभोवती फिरत राहते आणि तारपेवाल्याकडे कुणी पाठ करत नाही.

हा सूर मला संगणकात हवा होता. नुसता रेकॉर्ड करून ठेवलेला नको, हातांनी वाजवता येईल असा हवा होता.

माझ्याकडे पंचवीस पट्ट्यांचा एक लहानसा मिडी कंट्रोलर आहे. आठ नॉब, आठ रबरी पॅड, डावीकडे दोन चाकं आणि मागे पेडल लावायची जागा. तो यूएसबीच्या वायरीतूनच वीज घेतो, त्यामुळे पावसाळ्यात जव्हारची लाइट गेली तरी लॅपटॉपची बॅटरी आहे तोवर काम चालतं. त्याला स्वतःचा आवाज नाही. पट्टी दाबली की तो फक्त निरोप धाडतो: अमुक क्रमांकाचा स्वर, इतक्या जोराने. नॉब फिरवला की दुसरा निरोप जातो: अमुक क्रमांकाचा नॉब, किंमत अमुक. किंमत शून्य ते १२७ या पल्ल्यातली. पलीकडे सॉफ्टवेअर त्या आकड्याचा जो अर्थ लावेल तो खरा. हा अर्थ ठरवणं म्हणजे मॅपिंग, आणि संगीत करणाऱ्याने हे काम दुसऱ्या कुणावर सोडू नये असं मला मनापासून वाटतं.

मिडी १९८३ सालचं. तोपर्यंत एका कंपनीचा सिंथेसायझर दुसऱ्या कंपनीच्या सिंथेसायझरशी सहज बोलू शकत नसे. अमेरिकेतले डेव्ह स्मिथ आणि जपानच्या रोलँड कंपनीचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेतला, स्पर्धक कंपन्यांनी एक समान बोली मान्य केली आणि त्या जानेवारीत अमेरिकेतल्या व्यापारी प्रदर्शनात दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका वायरीने जोडून वाजवून दाखवली गेली. तीस वर्षांनी, २०१३ साली, दोघांना या कामासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. बोली समान झाली, पण ती बोलताना डोळ्यांसमोर कुठली वाद्यं होती हे लपत नाही. पॅड असलेला कंट्रोलर नवाकोरा खोक्यातून काढला की त्याचा पहिला पॅड बहुधा ३६ क्रमांक पाठवतो. पुढे १९९१ मध्ये ठरलेल्या यादीनुसार ३६ म्हणजे पाश्चात्त्य ड्रमसेटचा पायाने वाजणारा मोठा ड्रम, ३८ म्हणजे स्नेअर, ४२ म्हणजे मिटलेली हायहॅट झांज.

मोखाड्याच्या बोहाड्यात हायहॅट नाही. तिथे संबळ आणि पिपाणी. रात्री देवादिकांचे मुखवटे चढवून सोंगं एकामागून एक येतात आणि सोंग बदललं की संबळाची चाल बदलते. संबळाची दोन तोंडं, एक घुमणारं आणि एक टणक, दोन हातांत दोन काठ्या, त्यातली एक टोकाला वाकवलेली. हे आठ पॅडांवर मांडायचं तर ३६, ३८, ४२ ही सगळी ओळ मोडावीच लागते. मी घुमारा डाव्या हाताखालच्या दोन पॅडांवर ठेवला, एकावर मोकळा आणि एकावर दाबलेला. टणक आवाज उजवीकडे चार पॅडांवर पसरला, कारण उजवा हात भरभर चालतो आणि बोटांना जागा लागते. पॅडवर बोट दाबून ठेवलं की दाबाचा आकडा वेगळा जातो. तो घुमाऱ्याच्या उंचीला जोडला, त्यामुळे बोट रेटलं की आवाज जरासा वर चढतो. उरलेले दोन पॅड रिकामे ठेवले. हात चुकून तिथे पडला तर काही वाजू नये, हीसुद्धा मॅपिंगचीच गोष्ट.

संबळात जोराला फार अर्थ आहे. हळू मारलं तर वेगळा बोल, जोरात मारलं तर वेगळा. तारप्यात हे उलटं. तारप्याच्या नळीवरचं भोक बोटाने झाकलं किंवा उघडलं, एवढंच. बोट किती जोरात ठेवलं याला काही किंमत नाही. म्हणून तारप्यासाठी पट्ट्यांचा जोर मी सरळ काढून टाकला. पट्टी हळू दाबा, जोरात दाबा, पलीकडे एकच आकडा पोचतो. पियानो शिकलेल्या माणसाला याने वाद्य मुकं झाल्यासारखं वाटेल. पण तारप्याचा जीव बोटांत नसतोच, तो फुंकरीत असतो, आणि फुंकरीला पट्ट्यांवर जागा नाही.

इथे मिडीच्या जुन्या यादीत एक लोभस गोष्ट सापडते. नियंत्रणांच्या क्रमांकांत पहिला क्रमांक मॉड्युलेशनच्या चाकाचा, सातवा आवाजाच्या पातळीचा, चौसष्टावा पायाच्या सस्टेन पेडलचा, आणि दुसरा श्वासाचा. यामाहाच्या १९८३ सालच्या डीएक्स सेव्हन या कीबोर्डला तोंडात धरून फुंकायचं एक छोटं साधन जोडता येत असे. त्या काळापासून हा क्रमांक श्वासासाठी राखलेला आहे. आज बहुतेक कंट्रोलरांवर तो कुणी वापरत नाही. मला तो वापरायचा होता. फुंकायचं साधन माझ्याकडे नाही, म्हणून एक्सप्रेशन पेडल लावलं आणि त्याला दोन क्रमांक दिला. उजवा पाय हा माझा श्वास झाला.

पेडल पूर्ण उचललं की किंमत शून्य आणि आवाज बंद, ही नेहमीची मांडणी. तारप्याला ती लागू नाही. नाकाने हवा आत जाताना फुंकरीचा दाब किंचित उतरतो, लगेच भरतो, पण शून्यावर कधी येत नाही. मी वापरतो त्या एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये मिडी मॅपिंगचं बटण दाबलं की जोडता येण्याजोगी प्रत्येक गोष्ट पडद्यावर निळी होते. हवी ती टिचकीने निवडायची, कंट्रोलरवरचा नॉब किंवा पेडल हलवायचं, की जोडणी झाली. बहुतेक जण इथेच थांबतात. खरं काम डाव्या बाजूच्या यादीत आहे, जिथे प्रत्येक जोडणीसमोर किमान आणि कमाल असे दोन आकडे लिहिता येतात. तिथे मी किमान वर उचलला आणि कमाल खाली आणला. पेडलचा सगळा पल्ला आता आवाजाच्या एका अरुंद पट्ट्यात चालतो. पाय खालपासून वरपर्यंत हलतो तेव्हा सूर फक्त जरा सैल होतो आणि जरा ताठ होतो. तेच पेडल मी आवाजाच्या धारेलाही जोडलं, कारण फुंकर वाढली की तारपा नुसता मोठा होत नाही, अधिक चरचरीत होतो. एका पायाने दोन गोष्टी एकदम हलायला लागल्या आणि लॅपटॉपमधून पहिल्यांदा कुणी तरी फुंकतंय असं वाटलं.

सूर थांबवायला मग वेगळं बटण लागलं. तेही पायाखाली ठेवलं. पट्टी सोडल्याने तारपा थांबत नाही. वाजवणाऱ्याने ठरवलं की थांबतो.

सुरांच्या उंचीचा प्रश्न अवघड होता. ज्यांचा तारपा मी रेकॉर्ड केला ते बाबा वाद्य स्वतः करतात. वाळवलेला दुधी भोपळा, त्यात शेजारी शेजारी बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, सांध्यांना मेण आणि टोकाला ताडाच्या पानांचा लांब कर्णा. भोकं त्यांच्या स्वतःच्या बोटांच्या अंतराने पाडलेली. वाजवण्याआधी त्यांनी मेणाचा कण बोटात धरून मऊ केला, जिभाळीपाशी लावला, फुंकून पाहिलं, अर्धा कण नखाने काढला, पुन्हा फुंकलं. चेहऱ्यावर काही हललं नाही, पण तिसऱ्या फुंकरीला त्यांनी मान एकदा खाली केली आणि मेणाचा गोळा खिशात टाकला. तो सूर हार्मोनियमच्या कुठल्याही पट्टीवर बसत नाही. कीबोर्डच्या बारा समान भागांत तो ओढून बसवला तर तारप्याचा नुसता भास उरतो.

म्हणून त्या वाद्याच्या प्रत्येक भोकाची उंची मोजून मी पट्ट्यांना तीच दिली. अशी स्वतःची स्वररचना भरायची सोय लाइव्हच्या २०२४ मधल्या बाराव्या आवृत्तीत आली. इतर काही सॉफ्टवेअरमध्ये ती आधीपासून होती. दोन नळ्यांचे दोन वेगळे थर केले आणि त्यांच्या उंचीतला फरक एका नॉबवर आणला. हा नॉब फार थोडा फिरतो. दोन नळ्या अगदी जुळल्या तर सूर सपाट होतो, जरा सुटल्या तर त्यात थरथर येते. बाबा मेणाच्या कणाने जे करत होते ते इथे या नॉबवर आहे. पिच बेंडचं चाक मात्र कशालाच जोडलं नाही. चाक बहुधा दोन अर्धस्वर वर आणि दोन अर्धस्वर खाली ओढायला तयार असतं आणि हाताला मोह होतो. तारपा तसा घसरत नाही.

एक काळजी या कामात घ्यावीच लागते. दुसरी फाइल उघडली की पडद्यावरची किंमत वेगळी असते आणि हाताखालचा नॉब मागच्या जागी असतो. नॉबला हात लावला की आवाज एकदम उडी मारतो. यासाठी पिकअप नावाची सोय आहे. नॉब पडद्यावरच्या किमतीपाशी पोचेपर्यंत काहीच होत नाही, तिथे पोचला की मगच पकड बसते. अखंड सुराच्या वाद्याला ही सोय आधी चालू करावी, कारण त्यात एक उडी आली तरी सगळी साखळी तुटल्यासारखी वाटते.

साखळीवरून घोळकाठी आली. तारपा नाचात पुढचा माणूस खुळखुळणारी काठी जमिनीवर आपटतो आणि पावलं तिच्यावर पडतात. लय तारपा आणि काठी मिळून धरतात, आणि ती रात्रभर एकाच वेगाने चालत नाही. सॉफ्टवेअरला मात्र सुरुवातीलाच विचारायचं असतं की मिनिटाला ठोके किती. मी वेग लिहायचा सोडून दिला. डाव्या पायाखालच्या बटणाला टॅप टेम्पो जोडला आणि आता पाऊल पडतं तसा वेग ठरतो. तारपेवाल्याने चाळा, म्हणजे धून, बदलला की पावलं बदलतात, म्हणून पुढचा भाग सुरू करायचं कामही आकड्यांवर न ठेवता एका पॅडवर ठेवलं. किती आवर्तनांनी बदलायचं हे मोजून ठरत नाही, नाचणारे कसे आहेत ते पाहून ठरतं.

हे सगळं ज्या रेकॉर्डिंगवर उभं आहे त्याबद्दल मला मोकळेपणाने सांगायचं आहे. जव्हार तालुक्यातल्या वाळवंडे गावचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तारप्यासाठी २०२६ मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा या भागात फार आनंद झाला. पण आवाजांच्या पेट्या विकणाऱ्या बाजारात जगभरची लोकवाद्यं 'एथनिक' नावाच्या कप्प्यात पडलेली असतात आणि फुंकणाऱ्याचं नाव पुष्कळदा कुठेच नसतं. आपल्या कॉपीराइट कायद्याने १९९४च्या दुरुस्तीपासून सादर करणाऱ्या कलावंताला स्वतंत्र हक्क दिलेला आहे. तारपा वाजवणारा हा कलावंतच आहे. माझ्या फाइलीला बाबांचं नाव आहे, ती कुणाला देताना त्यांना विचारतो, आणि तिच्यातून पैसे आले तर त्यांचा वाटा ठरलेला आहे. ज्याचा श्वास आहे त्याला वगळून नकाशा करणं मला जमणार नाही.

ही फाइल आता लग्नातल्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवणाऱ्या एका पोराकडेही आहे. आमच्याकडच्या वरातीत कीबोर्डवर तारप्याचा टोन वाजतो, ऑक्टापॅडवर ढोल वाजतो, आणि माणसं पहाटेपर्यंत नाचतात. जुन्या लोकांना त्याचं वाईट वाटतं हे मी ऐकतो. मला तसं वाटत नाही. त्या पोराचे कान पाड्यावरच्या तारप्यावर तयार झालेले आहेत, फक्त त्याच्या हातातल्या यंत्राची मांडणी दुसऱ्या कुणी केलेली होती.

त्याने माझी मांडणी पहिल्याच संध्याकाळी बदलली. तो टेम्पोत उभा राहून वाजवतो. गाडी हलती, दोन्ही पाय फळीवर रोवलेले, पेडलला जागा कुठली? त्याने श्वास दोनवरून काढून एक नंबरच्या चाकावर आणला आणि डावा अंगठा तिथे ठेवला. किमान मर्यादा माझ्यापेक्षा बरीच वर नेली, कारण जनरेटरच्या आवाजात हळवा सूर ऐकू जात नाही. दोन नळ्यांमधला फरकही वाढवला. उघड्या मैदानात थरथर जास्त लागते म्हणाला, आणि ते खरं आहे. टॅप टेम्पो ऑक्टापॅडवाल्याकडे दिला. ती मांडणी त्याच्या नावाने वेगळी सेव्ह केली आहे.

एक गोष्ट त्याने नव्याने मागितली. लग्न लावायला धवलेरी बसते आणि तिचं गाणं सुरू होतं तेव्हा बँडने तिथल्या तिथे खाली यायला हवं. प्रत्येक चॅनेलचा फेडर शोधत बसायला वेळ नसतो. म्हणून एक पॅड असा केला की तो दाबला की तारपा, ढोल, बास, सगळे एकदम उतरतात आणि पुन्हा दाबला की आपापल्या जुन्या पातळीवर परत येतात. तो पॅड मी मधोमध ठेवला होता. त्याला खालचा डावा कोपरा हवा होता, अंधारात न बघता बोटाला सापडेल असा. तिथेच ठेवला, आणि त्याच्या शेजारचे दोन्ही पॅड रिकामे केले.