परवानगीचा कागद

केंदूरला नगरपालिका नाही, ग्रामपंचायत आहे. तरीही त्या परिसरातील मोजक्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी लहानसे चर्च बांधायचे ठरले, तेव्हा शहरात लागते तेवढीच कागदांची चळत माझ्यासमोर जमली. जागा गावठाणाबाहेरची. सातबाऱ्यावर संस्थेचे नाव लागण्यासाठी फेरफार, हद्दीसाठी मोजणी, १९६६ च्या जमीन महसूल संहितेखाली बिनशेती परवानगी, नकाशाला मंजुरी आणि शिवाय ग्रामसभेचा ठराव. सेमिनरीत मी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकलो. फेरफार म्हणजे काय, हे मात्र तलाठ्यासमोरच्या बाकावर बसून शिकलो.

एका कार्यालयात आमची फाईल कित्येक महिने हलली नाही. साहेब बदलले की नव्या त्रुटी निघत. तरुण मंडळी म्हणू लागली, "फादर, चार सुट्ट्यांत भिंती उभ्या करू. पुढे दंड भरून नियमित करून घेऊ." एक आजी दर रविवारी मिस्सा संपल्यावर विचारी, "फादर, कागद आला का?" अंडी विकून साठवलेले पैसे तिने चर्चच्या एका खिडकीसाठी दिले होते. गेल्या प्रायश्चित्तकाळात ती गेली. तिची अंत्यमिस्सा अंगणात मांडव घालून करावी लागली.

त्या दिवशी तरुणांच्या नजरेला नजर देणे जड गेले. तरीही माझे मत बदलले नाही. आपल्या संविधानाचे सव्विसावे कलम धार्मिक संप्रदायांना मालमत्ता संपादन करण्याचा हक्क देते. तिचे प्रशासन मात्र कायद्यानुसार करावे, असेही तेच कलम सांगते. गावात मूठभर असणाऱ्यांना तर कायद्याचाच आधार मोठा. पुण्याच्या क्वार्टर गेटजवळील सिटी चर्चची जागा १७९२ साली सवाई माधवराव पेशव्यांनी दिली. त्यांच्या सैन्यातील पोर्तुगीज अधिकारी दों मिगेल द नोरोन्या यांनी तशी विनंती केली होती. पुढे पेशवाई बुडाली, इंग्रजही गेले; चर्च त्या जागी आजही उभे आहे.

आणि परवानगी केवळ सरकारच मागते असे थोडेच आहे! १९८३ च्या कॅनन कायद्याचा १२१५ वा नियम सांगतो, की बिशपांच्या स्पष्ट लेखी संमतीवाचून चर्च बांधता येत नाही. आणि ती देण्यापूर्वी बिशपांनी धर्मगुरूंच्या मंडळाचे व शेजारच्या चर्चप्रमुखांचे म्हणणे ऐकावयाचे असते. शेजाऱ्याला विचारणे हा अपमान नव्हे, असेच पवित्र सभेनेही मानले आहे.

ग्रामसभेत मला याचा प्रत्यय आला. कर्णा लावणार का, वहिवाटीचा रस्ता अडेल का, पावसाचे पाणी कोणाच्या शेतात जाईल, असे प्रश्न आले. प्रश्न रास्तच होते. पाणी दुसऱ्या बाजूने काढण्यासाठी आम्ही नकाशा बदलला. मग हात वर झाले. त्यांत ज्यांच्याशी आमचे पूर्वी कधी बोलणेही नव्हते, असे बांधाशेजारचे शेतकरीही होते. रात्रीतून भिंती उभ्या केल्या असत्या, तर ही माणसे आम्हाला भेटली असती ती तक्रारदार म्हणून.

नकाशाची मंजुरी अद्याप यायची आहे. आजीचे पैसे धर्मग्रामाच्या वहीत वेगळे नोंदवून ठेवले आहेत. ते खिडकीसाठीच खर्च होतील.