त्रिरश्मीचे द्वारपाल

चीनमधील तांग राजवटीच्या (इ.स. ६१८–९०७) थडग्यांत मृताच्या रक्षणार्थ पुरलेल्या भाजक्या मातीच्या मूर्तींची चित्रे पाहिल्यापासून पांडवलेण्यांकडे पुन्हा एकदा जावे, असे मनाने घेतले होते. त्या संचात दोन श्वापदे असतात, एक मानवमुखी आणि एक सिंहमुखी. आणि त्यांच्या जोडीला पायाखाली बैल किंवा राक्षस तुडवणारे, चिलखत ल्यालेले दोन राजे. हे राजे म्हणजे बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेले आपलेच लोकपाल. माहेरी राहिलेली त्यांची भावंडे कशी दिसतात, हे मला पाहायचे होते.

पंचवटीतून भल्या पहाटे निघून, आग्रा रस्त्याने पाच मैल गेल्यावर टेकडीचा पायथा आला. पायऱ्या चढताना धाप लागली, तरी मागे वळून पाहिले की धुक्यात बुडालेले नाशिक श्रमाचा विसर पाडी. चोवीस लेण्यांपैकी थेट तिसरे गाठले. गौतमीपुत्र सातकर्णीची माता बलश्री हिने आपला नातू पुळुमावी याच्या राज्याच्या १९ व्या वर्षी हा विहार भद्रयानीय भिक्षूंना दिल्याचे भिंतीवर कोरलेले आहे. तो लेख म्हणजे एका आजीने दगडावर लिहून ठेवलेली सनदच. याच डोंगराला त्यात त्रिरश्मी म्हटले आहे.

दाराच्या दोन्ही अंगांना उभे असलेले पुरुषभर उंचीचे द्वारपाल मी फार वेळ न्याहाळत राहिलो. त्यांच्या हाती शस्त्र नाही, फुलांचे गुच्छ आहेत! चिनी कुंभाराला अंधारात पुरायचे रक्षक घडवायचे होते, म्हणून त्याने डोळे वटारले, सुळे काढले, शिंगे उगारली. येथील पाथरवटापुढे जिवंत, पावसाळ्यापुरता आसरा मागणारे भिक्षू होते, आणि त्यांच्या दाराशी त्याला स्वागतच शोभले असावे. मला तर हे धैर्य शिंगांपेक्षा मोठे वाटते.

बाहेर येऊन ओसरीच्या पायथ्याशी बसलो. तेथे सहा यक्ष जमिनीतून अर्धेच वर आलेले आहेत आणि पालखीचे भोई व्हावेत तशा त्यांनी दगडी तुळया खांद्यांवर पेलल्या आहेत, जणू सबंध लेणेच उचलून ते आता निघणार. एकाच्या खांद्यावरून हात फिरवला. वाऱ्यापावसाने दगड खरखरीत झाला होता. तुळईखालची खाच मात्र अजून गुळगुळीत, आणि रात्रीच्या दवाने ओली होती.