मुदत

मुदत हा शब्द आपणा विद्यार्थ्यांना नवा नाही. परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत, शिष्यवृत्तीची मुदत, ग्रंथालयाचे पुस्तक परत करण्याची मुदत. मुदत म्हणजे तयारीसाठी मिळालेला वेळ. पण तो वेळ मिळायचा तर सूचना-फलक आपल्या येण्याजाण्याच्या वाटेवर असावा लागतो, आणि तो वाचताही यावा लागतो. अंबरनाथ आणि उल्हासनगर जेथे एकमेकांत मिसळतात तेथल्या आमच्या चाळीत असा फलक नाही. तेथे एकदम निकालच लागतो.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिली. बाबा पूर्वी उल्हासनगरात प्लास्टिक पिशव्यांच्या एका लहान कारखान्यात यंत्रावर होते. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या सिंधी निर्वासितांनी वसविलेले हे शहर. माळ्यावर, घराच्या मागच्या खोलीत, जागा मिळेल तेथे कारखाना काढण्याची येथली रीत. बाबांचा कारखानाही तसाच, दोन यंत्रे आणि पाच माणसांचा.

२३ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक पिशव्या व थर्माकोलच्या ताट-वाट्यांवर बंदी घालणारी अधिसूचना काढली. २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये. मध्ये तीन महिने होते. बाबांनी बंदीचे ऐकले होते, पण मालक म्हणत, "अशा बंद्या पुष्कळ आल्या." ते खोटेही नव्हते, कारण पातळ पिशव्यांवर २००६ पासून निर्बंध होतेच. तीन महिने वाट पाहण्यात गेले. जुलैत यंत्रे भंगारात गेली आणि बाबा अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत माल चढविण्या-उतरविण्याच्या कामाला लागले. मी तेव्हा अकरा वर्षांची होते.

बंदी चुकीची होती असे मी म्हणणार नाही. इ. स. १०६० च्या शिवमंदिराला लागून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून कशी जाते ते आपल्यापैकी अनेकांनी लोकलच्या दारातून, नाकाला रुमाल लावून पाहिले आहे. २६ जुलै २००५ चा पूर माझ्या जन्माआधीचा. पण बदलापूरची मावशी अजून सांगते की पाणी ओसरल्यावर कुंपणांच्या तारांवर पिशव्याच पिशव्या लोंबत होत्या. ज्या वस्तूने आमचे घर चालविले तिनेच आमची गटारे तुंबविली, ही दोन्ही वाक्ये मला एकाच दमात म्हणावी लागतात.

बाबांची मजुरी पुरेना, तेव्हा आईने घरी माल आणायला सुरुवात केली. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातले एक शेठ परदेशी जाणाऱ्या खोट्या दागिन्यांचे पॅकिंग करून देतात. कानातल्यांची जोडी पुठ्ठ्याच्या कार्डावर लावायची, कार्ड पारदर्शक पिशवीत सरकवायचे, वरची पट्टी चिकटवायची. अशा बारा पिशव्या एका मोठ्या पिशवीत, आणि मग खोक्यात. शंभर पिशव्यांमागे बारा रुपये. गल्लीतल्या नऊ बायका हे काम करीत. माझी पहिल्या वर्षाची फी या पिशव्यांतून भरली गेली.

२०२५ च्या दिवाळीनंतर शेठने आईला एक इंग्रजी पत्र दाखविले. म्हणाले, "तुमची मुलगी कॉलेजात आहे ना? तिला विचारा, काय लिहिलंय." पत्र मुंबईच्या निर्यातदाराचे होते. युरोपातल्या गिऱ्हाइकाने विचारले होते : प्रत्येक पिशवीचे वजन किती, प्लास्टिक कोणत्या जातीचे, आणि ही पिशवी मुळात लागते कशाला? खाली आज्ञा होती, की पुढच्या मालापासून प्रत्येक जोडीला वेगळी पिशवी नको. कार्डे थेट कागदी पेटीत भरावीत.

अर्थशास्त्राच्या सरांच्या मदतीने मी त्या मागचा कायदा शोधला. युरोपीय संघात २०२२ साली दर माणशी सुमारे १८६ किलो वेष्टनांचा कचरा झाला. तो कमी व्हावा म्हणून केलेला हा नियम ११ फेब्रुवारी २०२५ रोजी अमलात आला. त्यातल्या बहुतेक तरतुदी लागू होण्याची तारीख १२ ऑगस्ट २०२६. वेष्टन गरजेपुरतेच असावे. माल मोठा दिसावा म्हणून दुहेरी भिंती नि खोटे तळ २०३० पासून चालणार नाहीत. त्याच वर्षापासून वेष्टन पुनर्चक्रण करता येण्याजोगे हवे. हे बाहेरून येणाऱ्या मालालाही लागू. म्हणून तेथला गिऱ्हाईक निर्यातदाराला विचारतो, निर्यातदार शेठला, आणि शेठ आमच्या आईला.

नियम वाचून माझ्या मनात राग आला नाही. एका जोडीला कार्ड, पिशवी, वर आणखी पिशवी, हे आईलाही कधी पटले नव्हते. मला खटकल्या त्या तारखा. या कायद्याचा पहिला मसुदा ३० नोव्हेंबर २०२२ चा. म्हणजे तेथल्या व्यापाऱ्याला तयारीसाठी वर्षेच्या वर्षे मिळाली. निर्यातदाराला काही महिने मिळाले असतील. शेठच्या हाती पत्र आले तेव्हा पुढचा माल आठ दिवसांवर होता, आणि बायकांना कळले ते मी वाचून दाखविले त्या रात्री. मुदत वरून निघते तेव्हा भरलेली घागर असते. हातोहात खाली येता येता आमच्या ओंजळीत थेंबही उरत नाही. २०१८ च्या तीन महिन्यांचेही हेच झाले होते.

अर्थशास्त्राच्या पुस्तकात उद्योगाने बदलाशी जुळवून घेण्याविषयी लिहिले आहे. उद्योग जुळवून घेतोच. शेठने कागदी पेट्यांचा पुरवठादार आठवड्यात शोधला. परंतु नऊ बायकांचे चिकटविण्याचे काम ज्या दिवशी संपले त्या दिवसाची नोंद कोणत्या वहीत होते? त्या कामगार म्हणून कोठे लिहिलेल्याच नव्हत्या, तर त्यांना नोटीस कोण देणार?

आई मात्र गप्प बसली नाही. बायकांना घेऊन शेठकडे गेली. "पेट्या सपाट येतात, त्या उभ्या करायला माणसं लागतीलच की. ते काम आम्हालाच द्या," म्हणाली. शेठ भला माणूस. पण पेटीच्या कामाला चारच जणी पुरतात. नऊ जणींनी आठवडे वाटून घेतले. मिळकत निम्म्याहून कमी झाली, तरी कोणी एकटी बाहेर पडली नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असा काही माल येत असेल. ज्याला वाचता येते त्याने आपल्या घराला लागू होणारा कागद वेळेवर वाचावा, हाही शिक्षणाचा एक उपयोग आहे. त्या कायद्याचे मुद्दे मी मराठीत उतरवून शेठच्या दुकानात आणि आमच्या नळाजवळच्या भिंतीवर लावले आहेत. आई ते बोटाने एकेक अक्षर लावीत वाचते. परवा २०३० च्या ओळीवर थांबून म्हणाली, "म्हणजे अजून वेळ आहे. तोवर आम्हाला दुसरं काय शिकता येईल, ते बघ."