तिसऱ्या रांगेतल्या सासूबाई

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात साड्यांच्या घड्यांखाली एखादी वही असेल. माझी होती. त्यात एका नाटकाचा पहिला अंक तीन वर्षं लिहून पडला होता. सकाळची अर्धवेळ शाळा, मग स्वयंपाक, मुलांचे अभ्यास. दुसरा अंक लिहिणार कधी?

तेवढ्यात आमच्या गावच्या हौशी मंडळाने राज्य नाट्य स्पर्धेत उतरायचं ठरवलं. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची ही स्पर्धा दरवर्षी होते; आधी ठिकठिकाणच्या केंद्रांवर प्राथमिक फेरी, मग अंतिम. मंडळात कुणी बँकेतले, कुणी दुकानदार. "गाजलेलं नाटक किती वेळा करायचं? या वेळी आपल्या गावातलं करू," असं ठरलं आणि मी धीर करून वही पुढे केली.

आणि मग घाबरले! अर्जाची मुदत जवळ आलेली. शिवाय नव्या संहितेला परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, म्हणजे नाटक आधी पुरं व्हायला हवं. सोळा रात्री जागले. मुलं झोपली की स्वयंपाकघरात बसून लिहायची. चहा आमचे 'हे' करून देत. (त्यात साखर किती असे, ते विचारू नका.)

शाळेच्या वर्गात पहिलं वाचन झालं. नायिकेचं पानभर भाषण मला फार आवडायचं. ऐकताना मलाच जांभई आली. दुसऱ्या दिवशी त्याच्या चार ओळी उरल्या. घरात बसून हे मला कधीच कळलं नसतं.

तुम्ही विचाराल, अशा नाटकांचं पुढे होतं काय? खरं सांगू? बहुतेकांचा दुसरा प्रयोगही होत नाही. पण विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली 'रंगायन'ने याच स्पर्धेसाठी केलं होतं. सुलभा देशपांडे त्यात बेणारेबाई होत्या. १९७२ सालचं 'घाशीराम कोतवाल'सुद्धा पुण्याच्या पी.डी.ए.ने स्पर्धेसाठीच उभं केलं. बेणारे शाळेतली बाई, म्हणून मला ती जरा जास्तच जवळची.

माझी खरी धास्ती मात्र वेगळीच होती. नाटकातली सासू पोळ्या लाटता लाटता म्हणते, "मला कुणी विचारलं होतं?" हे वाक्य आमच्या सासूबाईंचं. सातवीत त्यांची शाळा सोडवली, तो विषय निघाला की त्या एवढंच म्हणतात. आणि मीही ते त्यांना न विचारताच घेतलं होतं!

प्रयोगाच्या दिवशी त्या तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ते वाक्य आलं. मी विंगेतून त्यांच्याकडे पाहायचं टाळलं.

आमचा नंबर आला नाही. नेपथ्याला तेवढं एक प्रमाणपत्र मिळालं. घरी परतताना रिक्षात सासूबाई अवाक्षर बोलल्या नाहीत. रात्री मी दुधाला विरजण लावत होते, तेव्हा मागे येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, त्या बाईनं घाई केली. मी अशी लाटता लाटता नाही म्हणत. आधी लाटणं खाली ठेवते."

मी म्हटलं, "आई, तुम्हाला राग नाही ना आला?"

"आला की," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी वही आधी मला दाखव."