तापून राहिलं आहे

‘आबा, कार्ड तापून राहिलं आहे,’ एवढेच तो मुलगा म्हणाला. पुण्यामुंबईच्या वाचकाला या वाक्यात हिंदीची सावली दिसेल, आणि ती आहेही. भिलाईची मराठी ही बव्हंशी विदर्भातून आलेल्या कुटुंबांची मराठी. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या वर्षांत कामाच्या शोधात जी माणसे दुर्गच्या स्थानकावर उतरली, त्यांत नागपूर-भंडाऱ्याकडचीही होती. ‘तो येऊन राहिला’, ‘पाणी पडून राहिलं’ ही त्यांची क्रियापदे त्यांच्या ट्रंकांबरोबर आली आणि हिंदीच्या शेजारात तीन पिढ्या काढून अधिकच घट्ट झाली. प्रमाणभाषेच्या कैवाऱ्याने येथे ‘तापते आहे’ अशी दुरुस्ती सुचवली असती. वस्तुतः ती दुरुस्ती या प्रसंगी चुकीची ठरली असती, हे पुढे दिसेल.

आबा झोतभट्टीवर तीस-बत्तीस वर्षे काढून निवृत्त झालेले. नातू सतरा वर्षांचा. परीक्षेचे वर्ष, त्यामुळे संगणकावर खेळण्याला रात्रीचा एक तास मोकळा, तोही वडिलांच्या नाखुशीने. संगणकातील ग्राफिक्स कार्ड आबांच्या पैशांतून आलेले. मे महिन्यात ते 87 अंशांवर जाऊ लागले, पंखे ओरडू लागले, पडद्यावरचे चित्र अडखळू लागले. सुपेल्यातल्या एका दुकानदाराने यंत्र न उघडताच निदान केले की कार्ड गेले, नवे घ्या. वडिलांनी त्यावर एकच वाक्य उच्चारले: नवे येणार नाही, आणि हेही विकून टाकू. मुलगा आबांकडे आला तो या वाक्यानंतर.

त्याने आपला पुरावा दाखवला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा होता: वापर 99 टक्के. मुलाच्या मते हाच रोग. आबांना मात्र तो आकडा पाहून काहीच वाटले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर भट्टी पूर्ण क्षमतेने चालावी म्हणून पाळ्या केल्या, त्याला 99 टक्के म्हणजे उत्पादन. मुलाला 99 टक्के म्हणजे धोका. एकाच घरातल्या दोन पिढ्यांचे आकड्यांविषयीचे वाचन इतके भिन्न असावे, याचे थोडे आश्चर्य वाटते. पण दोष मराठी भाषेचाही आहे. आपल्याकडे ‘ताप’ हा शब्द आधी अंगाला येतो, मग वस्तूला. ताप आला म्हणजे माणूस आजारी. तापवले म्हणजे दूध. आणि कोणी ‘ताप दिला’ म्हणजे छळले. उष्णता आणि व्याधी यांची अशी सरमिसळ ज्या शब्दात झालेली आहे, तो शब्द घेऊन यंत्राकडे गेले की यंत्र आजारीच दिसणार. भट्टीला मात्र कोणी ताप आला म्हणत नाही.

खेळ चालू असता ग्राफिक्स कार्डाने पूर्ण वापरात असणे हा त्याचा स्वभावच आहे. त्याला आडकाठी नसेल, तर ते दर सेकंदाला जितकी चित्रे काढता येतील तितकी काढत राहते. खेळ बंद असताना, यंत्र नुसते बसलेले असताना वापर चढलेला दिसला, तर मात्र संशय घ्यावा; तेव्हा कोणी चोरून आभासी चलनाचे उत्खनन करीत असण्याचाही संभव असतो. तसे येथे नव्हते. आणि खेळाआधी कार्डाचे पंखे थांबलेले दिसत, म्हणून मुलाला ते बिघडले असे वाटे. पण अनेक कार्डांचे पंखे ठरावीक उष्णतेखाली मुद्दाम थांबवलेले असतात. चित्र अडखळे, त्याचेही कारण सरळ होते. साधारण ऐंशी-नव्वद अंशांच्या घरात आपली मर्यादा जवळ आली की कार्ड स्वतःच आपला वेग उतरवते.

आबांनी प्रथम वही काढली. पाळीच्या नोंदीची जुनी सवय: वेळ, आत जाणाऱ्या पाण्याचे तापमान, बाहेर येणाऱ्या पाण्याचे तापमान. त्यांनी मुलाला विचारले, ‘जानेवारीत किती होतं?’ मुलाला आठवत होते, 64. खोली तेव्हा बावीसची. आता कूलर लावूनही खोली 36. म्हणजे तेवीस अंशांच्या वाढीतले चौदा अंश ऋतूचे. कार्ड बाहेरच्या हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही. हवा जितकी चढेल, सुमारे तितकेच तेही चढते. उरले नऊ अंश. ‘हे नऊ कुठून आले ते शोधायचं,’ आबा म्हणाले. ‘बाकीचे चौदा भिलाईचे आहेत, त्यांना कोणी काही करू शकत नाही.’

मग त्यांनी पेटीचे बाजूचे झाकण काढून खेळ चालवायला सांगितले. अर्ध्या तासात आकडा 79 वर आला. झाकण काढल्याने उष्मा उतरतो, याचा अर्थ कार्ड निर्दोष आहे आणि दोष हवेच्या वाटेत आहे. आकडा तसाच राहिला असता, तर चिप व तिच्यावरचा धातू यांच्यामधली वाळलेली पेस्ट बदलावी लागली असती. तेवढी वेळ आली नाही. संगणक टेबलाखालच्या लाकडी कप्प्यात, भिंतीला पाठ लावून कोंबलेला होता. पुढच्या जाळीवर धुळीची गोधडी. वीज काढून, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवून (वाऱ्याच्या झोताने पंखा उलटसुलट गरगरला तर बिघडतो) आबांनी ती ब्रशने उतरवली. मग उगाचच म्हणावे असे त्यांनी एक केले. ती धूळ कागदावर घेऊन खालून लोहचुंबक फिरवले. धुळीचा एक भाग चुंबकाबरोबर सरकला. मुलगा बराच वेळ ते पाहत राहिला.

येथे थोडे थांबून भट्टीकडे पाहिले पाहिजे. झोतभट्टीच्या खालच्या भागात, जेथून तापवलेला वारा आत सोडतात, तेथे तोंडे असतात आणि ती तांब्याची असतात. त्यांच्या समोर कोक जळतो तेथे उष्णता 2000 अंशांच्या वर जाते. तांबे 1085 अंशांना वितळते. तरी ती तोंडे टिकतात, कारण त्यांच्या पोटातून अखंड पाणी फिरत असते आणि आलेली उष्णता आल्या पावली नेत असते. तांब्याला वाचवतो तो पाण्याचा प्रवाह. ग्राफिक्स कार्डाच्या पाठीवरच्या नळ्याही तांब्याच्याच असतात, आणि त्यांतही बहुधा पाणीच असते: थोडेसे, निर्वात पोकळीत. चिपजवळ त्याची वाफ होते, दुसऱ्या टोकाला जाऊन ती निवते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून पाणी पुन्हा चिपकडे येते. मुलाने हे सांगितले तेव्हा आबांनी त्याच्याकडून ते दोनदा वदवून घेतले.

पाणी थांबले तर काय होते, हे त्या घरात कोणी विचारत नाही. 2014 च्या जूनमध्ये याच कारखान्यात पंपगृहातील बिघाडाने पाण्याचा दाब पडला, भट्टीचा विषारी वायू पाण्याच्या वाटेने उलटा आला, आणि सहा जण गेले. त्यांत वरिष्ठ अधिकारीही होते. आबा त्याआधीच निवृत्त झाले होते. नातवाच्या पंख्याचा आवाज ऐकून ते पुनःपुन्हा उठत, त्याला सून ‘बाबांची चिंता’ म्हणे. कोणत्याही यंत्रात थंडावा ही दुय्यम व्यवस्था असते, असे मानणाऱ्यांपैकी ते नव्हते, एवढेच.

पेटी भिंतीपासून वीतभर पुढे आली. झाकण लावून आकडा 80. मुलाला आणखी उतार हवा होता, आणि तो त्यानेच शोधला. खेळ सेकंदाला 140 चित्रे काढीत होता. पडदा दाखवू शकत होता 60. उरलेली ऐंशी कोणाच्याही डोळ्यांपर्यंत न पोचता नुसती उष्णता होत होती. 2021 साली एका नव्या खेळाच्या चाचणी आवृत्तीत काही महागडी कार्डे कायमची निकामी झाली, तीही लढाईत नव्हे, तर नुसत्या मेनूच्या पडद्यावर, जेथे चित्रांना मर्यादाच नव्हती. त्या कार्डांच्या जोडकामातही दोष होता, हे नंतर निघाले. मुलाने मर्यादा 60 वर बांधली. वापर 99 वरून पंचावन्नच्या आसपास आला, उष्णता 68. विजेची मर्यादाही थोडी उतरवून पाहिली. फरक किरकोळ पडला. कूलरचे तोंड सरळ पेटीकडे वळवण्याची कल्पना आबांनी मोडून काढली. तो वारा ओला असतो.

आता त्या क्रियापदाकडे परत यावे. ‘तापते आहे’ म्हटले की आकडा चढतो आहे असा भास होतो. पण हे कार्ड चढत नव्हते. जितकी उष्णता निर्माण होत होती तितकीच बाहेर पडत होती, आणि म्हणून ते एका ठिकाणी स्थिर होते: आधी 87 वर, आता 68 वर. भौतिकशास्त्र याला समतोल म्हणते. विदर्भाचे ‘तापून राहणे’ त्याच्याहून फार दूर नाही. राहणे म्हणजे वस्ती करणे. ताप तेथे मुक्कामाला आहे, फक्त त्याचा आकडा आपण ठरवायचा.

त्या रात्री तासाचा खेळ संपत आला तेव्हा वडील दारात उभे होते. त्यांनी आकडा पाहिला आणि विकण्याचा विषय काढला नाही. कधी झोपणार, एवढेच विचारले. आबा खुर्ची ओढून पेटीच्या मागे बसले होते. भट्टीवर बाहेर येणाऱ्या पाण्याखाली हात धरावा तसा त्यांनी पेटीच्या मागच्या जाळीपाशी तळवा धरला. वारा चांगला गरम होता.

‘निघून राहिली आहे,’ ते म्हणाले, आणि हात काही वेळ तसाच ठेवला.