सात रात्री, आठ दिवस

'सेनाइट' हा जुना इंग्रजी शब्द मला पहिल्यांदा भेटला, तो जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये. कादंबरी १८१३ सालची. बेनेटांकडे पाहुणे येऊ घातलेले कॉलिन्स पत्रातून कळवतात, की मी सोमवारी, १८ नोव्हेंबरला पोहोचतो आणि 'शनिवार सेनाइट'पर्यंत राहीन.

अनुवादाच्या पहिल्या खर्ड्यात मी 'शनिवारपर्यंत' असं लिहून पुढे गेले. पत्र लिहिणारा माणूस शब्दबंबाळ. वाटलं, हाही त्याचा डौलच असेल. पण २६ नोव्हेंबरच्या, नेदरफील्डच्या नाचापाशी आले आणि हात थांबला. माझ्या मराठीत कॉलिन्स २३ तारखेलाच निघून गेले होते. मग एलिझाबेथबरोबर चुकीची पावलं टाकत नाचतंय कोण? दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मागणी घालतंय कोण?

फोर्टनाइट म्हणजे चौदा रात्री, तशा सेनाइट म्हणजे सात. शनिवार सेनाइट म्हणजे त्या शनिवारनंतर सात रात्रींनी येणारा शनिवार, ३० तारीख. ज्याला मी डौल समजले, त्या शब्दावर कथानकाचा अख्खा आठवडा उभा होता.

त्याच अंतराला आपण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो. शनिवार ते शनिवार बोटांवर मोजा: दोन्ही टोकं धरून दिवस आठ, मधल्या रात्री सात. दोन्ही हिशेब खरे. रात्री मोजणं आपल्यालाही परकं नाही. घट बसतात ते नवरात्रच.

म्हणून प्रत्येक ठिकाणी 'आठवडा' चालत नाही. 'मॅकबेथ'मधली चेटकीण एका खलाशाला शाप देते, त्यात नऊ नवे एक्याऐंशी सेनाइट आहेत. एक्याऐंशी आठवडे म्हटलं तरी गणित चुकत नाही. पण तो शाप झोप उडण्याचा आहे. तिथे त्या माणसाच्या ५६७ रात्री वाचकाला जाणवायला हव्यात. तिथे मी रात्रच ठेवीन.

जुना शब्द भेटला की त्याची चव घेण्याचा मोह होतो. मी आता आधी विचारते, तो इथे काय मोजतोय?

कॉलिन्सच्या पत्रात शेवटी लिहिलं, 'येत्या शनिवारच्या पुढल्या शनिवारपर्यंत.' वाक्य लांबलं. त्यांच्या तोंडी ते शोभलंही, आणि नाचाला ते हजर राहिले.