ट्रफल आणि भुईफोड

करावे गावात नि लगतच्या सीवूड्समध्ये वाढदिवसाला हल्ली 'ट्रफल केक' आणतात. त्यात ट्रफल नसते, हे वर्गात सांगितले तेव्हा विद्यार्थ्यांना ती दुकानदाराची लबाडी वाटली. वस्तुतः ती गौणी लक्षणा आहे. चॉकलेट-सायीचा गोळा कोकोच्या भुकटीत घोळवला की मातीने माखलेल्या ट्रफलसारखा दिसतो. पुढे गोळा गेला आणि नाव केकाला चिकटले.

मूळ ट्रफल म्हणजे ओक, हेझल अशा वृक्षांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी बुरशी. कुत्रे तिचा वास घेऊन माग काढतात. लॅटिनमध्ये 'ट्यूबर' म्हणजे गाठ, फुगवटा. बोलीत 'ब'चा 'फ' झाला, पुढे 'र'ने जागा बदलली आणि प्रोव्हान्साल भाषेत 'त्रुफा' अवतरला. हा वर्णविपर्यय आपल्याला नवा नाही. नुकसानीचे 'नुसकान' आपण रोज ऐकतो. इटालियनांनी 'जमिनीतली गाठ' म्हणून 'तार्तुफो' केले. जर्मनांनी त्याच शब्दाचे रूप बटाट्याला दिले; पहिल्या 'त'चा 'क' होऊन 'कार्टोफेल' झाला. आणखी एक नातलग क्षयरोगाच्या 'टीबी'त दडला आहे: 'ट्यूबरक्युलम' म्हणजे छोटी गाठ. शब्दांची सोयरीक अशी कुठेही जुळते!

मराठीत ट्रफलला काय म्हणावे? एका विद्यार्थिनीने 'भुईफोड' सुचवला. शब्द देखणा, पण अर्थ नेमका उलटा. भुईफोड भुई फोडून वर येते, ट्रफल भुईतच राहते. शिवाय 'भुईफोड' म्हणजे रातोरात उगवलेला, बिनबुडाचा, ही छटा आता मूळ अर्थावर कुरघोडी करते. करावेसारख्या ठिकाणी तर तो जपूनच वापरावा. १९७० साली सिडको स्थापन झाली, गावोगावच्या जमिनी संपादित झाल्या, त्यांवर मनोरे उभे राहिले. त्यांना कोणी भुईफोड म्हणत नाही. गावकऱ्यांनी गावठाणालगत वाढवलेल्या घरांना मात्र 'अनधिकृत' हे विशेषण चटकन लागते. गावकऱ्यांचा शब्द निराळा: 'गरजेपोटी बांधलेली'. मनोऱ्यात राहणाऱ्या आम्हांला हा दुसरा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो.

गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये पावसाळ्याच्या आरंभी सालवृक्षांखालची माती उकरून 'बोडा' काढतात. शास्त्रदृष्ट्या तो खरा ट्रफल नव्हे, पण जमिनीखाली, झाडाच्या मुळांशी वाढणारी बुरशी तोही आहेच. उद्या आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी कोशकार्याला बसले, तर 'ट्रफल' हा शब्द खुशाल तसाच ठेवावा. नोंदीत 'बोडा पाहा' एवढे मात्र लिहावे.